एकाच खोलीतले दोन नापास

(या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलेली वाक्यं तेवढी सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

आज पाहुणे कुणी नाहीत. मी एकटाच बोलणार आहे. त्याला कारण झालं एक मेसेज. मागच्या आठवड्यात एका मुलाने पाठवला. त्याचं नाव, गाव, कॉलेज काहीच सांगत नाही. मेसेज असा होता: "दादा, बारावीला चांगले मार्क होते. इथे येऊन सहा आठवडे झाले. वर्गात काही कळत नाही. बाकी सगळ्यांना कळतंय. घरी काय सांगू?"

मी त्याला फोन केला, बोललो. पण नंतर दोन दिवस ते एक वाक्य डोक्यातून जाईना. "बाकी सगळ्यांना कळतंय." कारण हे वाक्य मी स्वतः वर्षभर मनात घोकलेलं आहे. आणि ते खोटं होतं, हे मला फार उशिरा, म्हणजे जवळजवळ सात वर्षांनी कळलं. ती गोष्ट आज सांगतो. शेवटी थोड्या कामाच्या गोष्टीही सांगेन, तेव्हा शेवटपर्यंत थांबा.

तर साल २०१२. आमचं गाव भूम तालुक्यात. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद, आता धाराशिव. आमच्याकडे खव्याच्या भट्ट्या खूप. आमच्या घरी चार म्हशी होत्या, दूध भट्टीला जायचं, त्यावर घर चालायचं. मी अकरावी-बारावी लातूरला केली. लातूर पॅटर्न तुम्हाला माहीत असेलच. पहाटे उठायचं, क्लास, कॉलेज, पुन्हा क्लास, दर रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर नंबर. कधी काय वाचायचं, कुठला प्रश्न किती वेळा सोडवायचा, सगळं दुसरं कुणीतरी ठरवायचं. आपण फक्त ते करायचं. मी ते मन लावून केलं आणि मार्क चांगले पडले. पुण्यात इंजिनीअरिंगला नंबर लागला. गावात पेढे वाटले. पेढे घरच्याच खव्याचे.

बार्शीहून स्वारगेटची गाडी पकडली. एक पत्र्याची पेटी, एक गादीची वळकटी, आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. हॉस्टेलवर खोली मिळाली, खोलीत दोघं. माझा रूममेट खानदेशातला. अतिशय शांत मुलगा. आम्ही पहिल्या दिवशी एकमेकांना बारावीचे मार्क सांगितले. आता वाटतं, तिथेच घोळ झाला. पहिल्याच दिवशी दोघांनी एकमेकांना सांगून टाकलं की आम्ही हुशार आहोत. मग पुढे ते सांभाळत बसावं लागलं.

वर्ग सुरू झाले. आता बघा, अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजी असलं तरी शिकवणं मराठीत असायचं. "मोमेंट म्हणजे काय रे? दार बिजागरीजवळ ढकललं तर जोर जास्त लागतो की नाही?" असं. इथे सगळं इंग्रजीत, आणि तेही वेगात. शब्द ओळखीचे, पण वाक्य संपेपर्यंत सर पुढच्या फळ्यावर. दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात मेकॅनिक्सच्या सरांनी मला विचारलं, "व्हॉट आर यू डुइंग?" मी उभा राहून म्हणालो, "सर, लिहायलोय." वर्ग हसला. तसं फार दुष्टपणे नाही, आपण हसतो तसंच हसले. पण मी त्यानंतर वर्गात तोंड उघडलं नाही. डिसेंबरपर्यंत उघडलं नाही.

न बोलता कॉलेजमध्ये किती लांब जाता येतं, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवता येतं. असाइनमेंट उतरवता येते. आणि ड्रॉइंगच्या शीट? ज्यांनी इंजिनीअरिंग केलंय ते आत्ता हसले असतील. जीटी. म्हणजे ग्लास ट्रेसिंग. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि खालची रेघ दिसेल तशी गिरवायची. आमच्या मजल्यावर खिडकीची एक निघालेली काच त्यासाठीच ठेवलेली होती. रात्री अकरानंतर नंबर लागायचे. मी सगळ्या शीट जीटी मारून पूर्ण केल्या. सगळ्यांवर सही मिळाली. टर्मवर्कला मार्कही बरे पडले.

आणि परीक्षेत कोरा कागद समोर आला. खाली काच नाही, दिवा नाही. मला एक साधं प्रोजेक्शन काढता येईना. वरून दिसणारी आकृती वर काढायची की खाली, इथपासून गोंधळ.

जानेवारीच्या शेवटी निकाल लागला. तीन विषय गेले. एम-वन, मेकॅनिक्स आणि ग्राफिक्स. बारावीपर्यंत मी कधी घटक चाचणीतसुद्धा नापास झालो नव्हतो. मी निकाल बघितला, सायबर कॅफेवाल्याला दहा रुपये दिले आणि मेसला जाऊन जेवलो. त्या दिवशी बटाट्याचा रस्सा होता. आठवतंय अजून. खोलीवर आलो तर रूममेट पांघरूण घेऊन झोपलेला. मी विचारलं, "तुझं काय झालं?" तो म्हणाला, "झालं ठीक." मला विचारलं, "तुझं?" मी म्हणालो, "माझंपण ठीक." दिवा बंद केला आणि झोपलो.

घरून फोन आला. आई म्हणाली, "निकाल लागला का रं?" मी म्हणालो, "नाही अजून, विद्यापीठाचं उशिरा असतं." हे सलग तीन आठवडे म्हणालो.

आता हे वर्ष आठवा. २०१२-१३. मराठवाड्यात दुष्काळ. आमच्याकडे विहिरीने दिवाळीतच तळ दाखवला होता. फेब्रुवारीत आमची जनावरं चारा छावणीत होती, आण्णा रात्री तिथेच झोपायचे. दूध निम्म्यावर आलेलं. आणि अशात आण्णांचा फोन आला. मला सहसा आईच फोन करायची. आण्णा म्हणाले, "एक म्हस काढावी म्हनतो. तुझ्या पुढच्या खर्चाला लागतेल. मेसचे किती देयाचेत?"

मी हॉस्टेलच्या जिन्यात उभा होतो. मेसचे दोन महिन्यांचे द्यायचे होते. पण मला पुढे काही बोलताच येईना. म्हणजे विचार करा, तिकडे माणूस म्हैस विकायला निघालाय, आणि ती ज्याच्यासाठी विकणार तो तीन विषयांत नापास होऊन तीन आठवडे थापा मारतोय. मी म्हणालो, "आण्णा, म्हस विकू नका. मी नापास झालोय."

पलीकडे शांतता. मागे जनावरांचा आवाज. मग आण्णांनी विचारलं, "किती गेले?"

"तीन."

"ते पुन्हा देता येतेत का?"

"येतेत. मे महिन्यात."

"मग दे की. त्यात लपवायचं काय हाय?" आणि लगेच, "मेसचे किती, ते सांग."

म्हैस विकलीच. ती काही थांबली नाही. ह्या गोष्टीत तसा सुखद भाग नाही. पण त्या रात्री मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा नीट झोपलो. नापास व्हायचं ओझं होतंच, पण थापांचं ओझं त्याहून जास्त होतं. निकालाच्या दिवसापासून मी अभ्यासाला बसलोच नव्हतो. माझी सगळी ताकद कुणाला काय सांगितलंय हे लक्षात ठेवण्यात जात होती.

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉइंग हॉलला गेलो. तिथे लॅब असिस्टंट एक काका होते. निवृत्तीला आलेले, मराठी बोलणारे. सरांकडे जायची हिंमत नव्हती म्हणून त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "काका, फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू खाली का काढतात, मला कळत नाही." त्यांनी एक जर्नल घेतलं. अर्धं उघडलं, म्हणजे एक पान टेबलावर आडवं आणि एक उभं, भिंतीसारखं. त्या कोपऱ्यात खडूची पेटी ठेवली. म्हणाले, "समोरून बघ. पेटी दिसते तशी मागच्या उभ्या पानावर उमटव. आता वरून बघ. दिसते तशी खालच्या आडव्या पानावर उमटव." मग पेटी उचलली आणि जर्नल सपाट उघडलं. "आता आडवं पान कुठे गेलं?" खाली. समोरचं चित्र वर, वरून दिसणारं चित्र खाली. झालं! दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी विचारलं, "एवढंच होतं?" काका म्हणाले, "एवढंच. पण दरवर्षी निम्मा वर्ग हे न विचारताच जातो."

निम्मा वर्ग. मी ते ऐकलं, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, माझं मन राखायला म्हणाले असतील.

त्यानंतर मी एक वही केली. दोनशे पानी. तिच्यात उत्तरं लिहायची नाहीत, फक्त न कळलेलं लिहायचं. तासाला बसलो की जे सुटलं ते एका ओळीत. "इथे वजा का आला?" "फ्री बॉडी डायग्राममध्ये जमिनीचा जोर कुठे दाखवायचा?" आठवड्यातून दोनदा ती वही घेऊन कुणाकडे तरी जायचं. काका, एक सीनियर, नंतर नंतर सरसुद्धा. मेकॅनिक्सचे तेच सर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अगदी गळ्यात आवाज अडकला. ते वही बघून म्हणाले, "बस." मराठीत. तेही मराठीच होते.

मे महिन्यात मेकॅनिक्स आणि ग्राफिक्स निघाले. एम-वन राहिला. तो घेऊन दुसऱ्या वर्षात गेलो, डिसेंबरमध्ये सुटला. म्हणजे वही केली आणि सगळं फटाफट सुटलं, असं झालं नाही. तिसऱ्या खेपेला सुटलं.

आता रूममेटचं सांगतो. त्यासाठीच तर हा भाग.

मार्चमध्ये एका सोमवारी मी प्रॅक्टिकलहून परत आलो तर त्याची कॉट रिकामी. गादी गेलेली, पेटी गेलेली, भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं राहिलेलं. रेक्टर म्हणाले, "घरी गेला, नाव काढलं." मला वाटलं, घरचं काहीतरी असेल. मी एकदा फोन केला, लागला नाही. पुन्हा केला नाही. खरं सांगू? माझ्याच एवढ्या अडचणी होत्या की मला वाटलं, त्याच्या त्याने बघावं. नवीन मुलगा खोलीत आला, दिवस गेले.

२०१९ मध्ये एका लग्नात तो भेटला. छान चाललंय त्याचं. परत गेल्यावर तालुक्याला बी.कॉम. केलं, आता स्वतःचं कृषी सेवा केंद्र आहे. आम्ही पंगतीला शेजारी बसलो. बोलता बोलता मी म्हणालो, "अरे, मी पहिल्या सेमला तीन विषय नापास होतो." त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "तू? मला वाटायचं तुझं सगळं मस्त चाललंय. मला चार होते. मला वाटलं, सगळ्या वर्गात मी एकटाच. म्हणून तर गेलो."

आठ बाय दहाची खोली. दोन कॉट, मध्ये एक टेबल. आणि दोघंही नापास, दोघंही एकमेकांपासून लपवत. मी जर त्या रात्री दिवा बंद करायच्या आधी म्हणालो असतो, "अरे, माझे तीन गेले," तर तो कदाचित राहिला असता. कदाचित नसताही राहिला. त्याचं वाईट झालेलं नाही, तो स्वतः म्हणतो. पण त्याने निर्णय चुकीच्या माहितीवर घेतला, आणि ती चुकीची माहिती त्याला मी दिली होती. हे मला लागतं. अजून लागतं.

म्हणून मेसेज करणाऱ्या त्या मित्राला, आणि यंदा पहिल्या वर्षाला असलेल्या सगळ्यांना मी हे सांगतो. "बाकी सगळ्यांना कळतंय" असं वाटतं ना, तेव्हा एकाला, फक्त एकाला, शेजारच्याला म्हणून बघा, "मला हे कळलं नाही. तुला कळलं?" बऱ्याचदा उत्तर येतं, "मलापण नाही." आणि तिथून दोघांचा अभ्यास सुरू होतो.

आता कामाच्या गोष्टी. भराभर सांगतो.

पहिली, वेळेचा हिशोब. आता सगळीकडे क्रेडिट आहेत. साधारण नियम असा की आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे सेमिस्टरचं एक क्रेडिट, आणि प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे एक क्रेडिट. नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाची ४० क्रेडिट म्हणजे शिकण्याचे १२०० तास धरलेत. म्हणजे सेमिस्टरला ६००. वर्गात त्यातला एक भागच जातो, उरलेले तास तुमचे तुम्ही बसून करायचे, असं गृहीत धरलेलं आहे. बारावीत ते तास क्लासवाले भरायचे. इथे वेळापत्रकात मोकळी जागा दिसते, ती मोकळी नसते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सेमिस्टर पंधरा-सोळा आठवड्यांची असते. गणपती, दसरा, दिवाळी धरली तर किती उरतात, कॅलेंडर घेऊन मोजा.

दुसरी, हजेरी. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के लागते. कमी पडली की टर्म ग्रँट होण्याचा प्रश्न येतो. पहिल्या महिन्यात बुडवलेले तास शेवटच्या महिन्यात भरून निघत नाहीत.

तिसरी, पहिली चाचणी झाली की पेपर बघायला मागा. किती मार्क पडले ते नंतर, आधी कुठे गेले ते बघा. लाजू नका, तुमचा हक्क आहे.

चौथी, विषय राहिला तर. पुण्याकडे बॅक म्हणतात, मुंबईकडे केटी. किती विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जाता येतं, याचा नियम तुमच्या विद्यापीठाच्या नियमावलीत लिहिलेला असतो. तो सीनियरच्या तोंडून ऐकू नका, ऑफिसमध्ये जाऊन स्वतः वाचा. आमच्या मजल्यावर अर्ध्या मुलांना चुकीचा नियम पाठ होता.

पाचवी, पैसे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज असतात, वसतिगृह भत्त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख योजना आहे. एकदा भरला की झालं असं नसतं, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड आधीच काढून ठेवा. ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांत व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे. तुमच्या प्रवेशाला ती लागू होते का, विचारा. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' असेल तर त्याची चौकशी करा, त्यात कमीपणा काही नाही. आणि मेसवाल्याला पहिल्याच दिवशी खाड्याचा नियम विचारून घ्या. किती दिवस आधी सांगितलं तर खाडा धरतो ते. गावी गेलात की त्यातून गाडीभाडं सुटतं.

सहावी, जड गोष्ट. कुणी रॅगिंग करत असेल तर गप्प बसू नका. यूजीसीचे २००९ चे नियम कडक आहेत, आणि १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. आणि मन फारच खाली गेलं असेल, झोप नाही, जेवण नाही, नको ते विचार येतायत, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. कॉलेजमध्ये मेंटॉर किंवा जीएफएम नेमलेले असतात, त्यांच्याकडे जा. ते सहीपुरते नसतात. निदान सगळे तरी नसतात.

आणि आईवडील ऐकत असतील तर तुम्हाला एकच सांगतो. फोनवर "अभ्यास चाललाय ना?" असं विचारलं की मुलगा "हो" म्हणतो. दुसरं उत्तरच नाही त्याला. त्याऐवजी "काय जड जातंय?" असं विचारून बघा. आमच्या आण्णांनी चौथीनंतर शाळा सोडली, पण "पुन्हा देता येतेत का?" हा प्रश्न त्यांना बरोबर सुचला.

जाता जाता. त्या मित्राला मी फोनवर विचारलं, "तुझ्या खोलीत अजून कोण आहे?" म्हणाला, "एकजण आहे, नगरकडचा. तो फार हुशार आहे, दादा." मी म्हणालो, "त्याला आज रात्री सांग, तुला काय कळत नाही ते."

परवा त्याचा उलट मेसेज आला. दोनच शब्द होते. "त्यालापण नाही."

चला. भेटू पुढच्या भागात. तुमच्या पहिल्या वर्षाचं काही सांगायचं असेल तर लिहा, मी वाचतो. काळजी घ्या. नमस्कार.